कोल्हा, कुत्रा आणि गोचीड : एका सामायिक रोगाच्या शोधाचा इतिहास

१

ठाणे शहराच्या जुन्या भागातील टेंभी नाका हे ठिकाण आज भरवस्तीचे आहे. रेल्वे स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर असून तेथील नवरात्रोत्सवामुळे त्याचे नाव शहराबाहेरही परिचित झालेले आहे. 'नाका' या शब्दाचा आजचा अर्थ चौक किंवा रस्त्यांचा संगम असा होत असला, तरी मुळात तो जकात घेण्याच्या किंवा पहारा ठेवण्याच्या जागेचा, म्हणजेच हद्दीचा वाचक होय. हद्द सरकली, वस्ती वाढली आणि नाका गावाच्या पोटात आला. शब्द मात्र जुनी खूण सांभाळून राहिला. या नाक्याच्या पूर्वेस ठाण्याची खाडी व तिचे कांदळवन आहे, पश्चिमेस येऊरचे डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे. कांदळवनात सोनेरी कोल्हा अजून नांदतो. नाक्यावर भटका कुत्रा नांदतो. हे दोन प्राणी एकाच कुळातील असून त्यांच्या रक्तात वाढणारे काही परोपजीवीही एकच आहेत.

या सामायिक रोगांपैकी ज्याचा शोध हिंदुस्थानातच लागला आणि ज्याच्या शोधात कोल्हा व कुत्रा दोघेही प्रारंभापासून उपस्थित होते, तो रोग म्हणजे बाबेसिया गिब्सोनी या सूक्ष्म परोपजीवीमुळे होणारा ज्वर होय. प्रस्तुत निबंधाचा विषय हा रोग व त्याच्या शोधाचा इतिहास आहे. रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा, येथे केवळ तुलनेपुरता विचार केला आहे. कारण तो विषाणूजन्य असून त्याचा इतिहास स्वतंत्र आहे. येथे जे प्रतिपादन करावयाचे आहे ते थोडक्यात असे : हा रोग प्रथम कुत्र्यात दिसला आणि नंतर कोल्ह्यात, हा शोधाचा क्रम झाला. तो संसर्गाचाही क्रम आहे असे मानण्यास आधार नाही. आणि त्याच्या उलट, कोल्हा हाच मूळ दोषी आहे, असे मानण्यासही जेवढा समजला जातो तेवढा आधार नाही. कोणता प्राणी आधी तपासला गेला, हे रोगाच्या स्वभावापेक्षा त्या काळच्या समाजरचनेवर अधिक अवलंबून होते.

२

रोगाचा इतिहास पाहण्यापूर्वी त्यासंबंधी भाषेत काय नोंदलेले आहे ते पाहणे उपयुक्त ठरेल. रानटी हिंस्र पशूला संस्कृतात व मराठीत 'श्वापद' असा शब्द आहे. त्याचा विग्रह 'कुत्र्यासारखे पाय असलेला' असा होतो. अरण्यातील प्राण्याची ओळख पाळीव प्राण्याच्या पायावरून करून देणारा हा शब्द, कुत्रा व वन्य पशू यांच्या साम्याची जाणीव किती जुनी आहे हे दाखवितो. जुन्या मराठीत कुत्र्याला 'सुणें' हा शब्द प्रचलित होता. ज्ञानेश्वरीच्या वाचकांना तो ठाऊक आहे, आणि कोंकणीत तो आजही जिवंत आहे. रानकुत्र्याच्या 'कोळसून' या नावाच्या उत्तरपदात हाच शब्द कानी पडतो.

हे मराठी शब्द प्राणिशास्त्राच्या दप्तरात शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मुंबई सरकारच्या सेवेत असलेला लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. तीत त्याने लांडग्याला 'पॅलिपेस', रानकुत्र्याला 'दख्खुनेन्सिस' आणि खोकडाला 'कोक्री' अशी जातिवाचक नावे दिली, आणि जोडीला मराठे लोक त्यांना काय म्हणतात तेही नोंदविले. 'कोक्री' या नावात तर मराठी शब्दच इंग्रजी कानाने टिपलेला आहे. पुढे या नावांची गती निरनिराळी झाली. 'पॅलिपेस' हे नाव हिंदी लांडग्याच्या उपजातीसाठी टिकले. 'कोक्री' मात्र मागे पडले, कारण त्या प्राण्याला १८०० साली शॉ याने 'बेंगालेन्सिस' असे नाव आधीच दिलेले होते. नामकरणाच्या शास्त्रात जो प्रथम प्रसिद्ध करील त्याचे नाव ग्राह्य, असा दंडक आहे. तो सोयीचा आहे. परंतु प्राण्याच्या वयाशी किंवा प्रसाराशी त्याचा काही संबंध नाही. हीच गोष्ट पुढे रोगाच्या बाबतीत लक्षात ठेवावी लागेल.

प्राण्यांच्या नावांच्या तुलनेत त्यांच्या रोगांची नावे मराठीत मोजकी आहेत, आणि त्यांची निवड विचार करण्याजोगी आहे. कुत्र्याच्या कातडीला होणाऱ्या, केस झडविणाऱ्या रोगाला 'लूत' म्हणतात. हा रोग त्वचेत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे होतो, आणि तो कोल्ह्यालाही होतो. वेड लागून चावत सुटण्याला 'पिसाळणे' हे क्रियापद आहे. अंगाला चिकटून रक्त पिणाऱ्या जीवाला 'गोचीड' म्हणतात, आणि पिच्छा न सोडणाऱ्या माणसालाही लक्षणेने तेच नाव मिळते. परंतु गोचिडीमुळे येणाऱ्या तापाला, हिरड्या पांढऱ्या पडून लघवी काळपट होऊन कुत्रा झिजत जाण्याला, स्वतंत्र शब्द नाही. यात भाषेचे दारिद्र्य शोधण्याचे कारण नाही. लूत डोळ्यांना दिसते, पिसाळलेला कुत्रा माणसाला मारतो. रक्तातला ज्वर दिसत नाही आणि माणसाला लागत नाही. जे दिसले आणि ज्याची भीती वाटली, त्याला नाव मिळाले. नाव नसलेल्या रोगाने मेलेला कुत्रा 'असाच मेला' असे म्हटले जाते, आणि तेथेच त्याचा इतिहास संपतो.

३

राज्यसंस्थेची दृष्टीही याहून फार निराळी नव्हती. मुंबईत ब्रिटिश अंमलाखाली कुत्र्यांसंबंधी जे पहिले मोठे प्रकरण झाले ते १८३२ सालच्या जून महिन्यातील दंगलीचे. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाजाने उघड प्रतिकार केला, इतरही समाजांचे लोक त्यात सामील झाले, बाजार बंद पडले आणि लष्कर आणावे लागले. पारशी धर्मात कुत्र्याला विशेष मान आहे, हे या क्षोभाचे एक कारण होते. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, सरकारच्या लेखी कुत्रा हा उपद्रव व पिसाळण्याचा संभाव्य धोका एवढ्याच रूपाने अस्तित्वात होता. त्याला स्वतःला काही आजार असू शकेल, हा प्रश्नच उपस्थित झाला नाही.

पुढे संस्था निघाल्या, पण त्यांचा रोख अन्यत्र होता. परळ येथील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले. त्या काळच्या पशुवैद्यकात साहजिकच घोडा व बैल यांना अग्रस्थान होते, कारण लष्कर आणि शेती या दोहोंचा भार त्यांच्यावर होता. १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था उघडली ती पिसाळलेल्या प्राण्यांच्या दंशावर माणसांना उपचार देण्यासाठी. कुत्र्याच्या रक्तातील ज्वरासाठी कोणी संस्था काढली नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

अशा स्थितीत कुत्र्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली कसे आले? याचे उत्तर एका खेळात आहे. इंग्लंडात घोड्यावर बसून शिकारी कुत्र्यांच्या कळपासह खोकडाच्या मागे धावण्याचा जो षोक होता, तो हिंदुस्थानातील इंग्रजांनी येथेही आणला. येथे खोकडाची जागा कोल्ह्याने घेतली. मद्रास, उटकमंड, पेशावर इत्यादी ठिकाणी असे शिकारी संघ नावारूपास आले. संघांचे कुत्रे सामान्यतः विलायतेतून आणलेले 'हाउंड' जातीचे असत. ज्यांना तो खर्च झेपत नसे ते तरुण अधिकारी मिळतील त्या जातींची, बहुधा कोणत्याच जातीची नसलेली, कुत्री गोळा करून कोल्ह्यामागे लागत. अशा मिश्र कळपाला अँग्लो-इंडियन बोलीत 'बॉबरी पॅक' म्हणत. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या कोशात 'बॉबरी' या शब्दाचे मूळ 'बाप रे' या आपल्याकडील उद्गारात दाखविले आहे. आरडाओरडा हा त्याचा पहिला अर्थ, आणि आरडाओरडा करीत धावणारा कळप हा दुसरा.

शब्दाचा हा प्रवास गमतीचा असला, तरी त्यामागील भेद महत्त्वाचा आहे. 'बॉबरी' कळपातील कुत्रा मेला तर दुसरा मिळे. हाउंड मेला तर तो विलायतेहून आणावा लागे. म्हणून हाउंडांची गणती होत असे, त्यांना नावे असत, त्यांच्यावर माणूस नेमलेला असे, आणि त्यांच्यात आजार पसरला तर वैद्याला बोलावणे जात असे. थोड्या जागेत ठेवलेला, मोजलेला, मौल्यवान आणि या भूमीस नवखा असा हा कळप म्हणजे न ठरविता मांडलेला एक प्रयोगच होता. गावकुसाबाहेरच्या कुत्र्याला ही सोय कधीच लाभली नाही.

४

दरम्यान यूरोप-अमेरिकेत या प्रकारच्या परोपजीवींचे शास्त्र वेगाने तयार होत होते. रुमानियातील व्हिक्टर बाबेश याने १८८८ साली गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत सूक्ष्म जीव पाहिले. त्याच्याच नावावरून १८९३ साली 'बाबेसिया' ही संज्ञा निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांचा टेक्सास-ज्वर गोचिडीद्वारे पसरतो हे सिद्ध केले. रोगाचे बीज एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात वाहून नेण्याचे काम संधिपाद जीव करतो, याचा हा पहिला निर्णायक पुरावा होय. डासांमुळे हिवताप होतो हे रॉसने दाखविले ते याच्यानंतर. १८९५ साली इटलीत पियाना व गाली-वालेरियो यांना कुत्र्याच्या रक्तात असाच परोपजीवी आढळला. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेत लाउन्सबरी याने कुत्र्यांचा हा ज्वरही गोचिडीनेच पसरतो हे दाखविले. या जीवांना त्या काळी त्यांच्या नाशपातीसारख्या आकारावरून 'पिरोप्लाझ्मा' असेही नाव होते.

हिंदुस्थानात या शास्त्राची वाट लष्करी वैद्यक सेवेतील अधिकाऱ्यांनी चोखाळली. १९०५ साली जेम्स याने कुत्र्याच्या पांढऱ्या रक्तपेशींत राहणाऱ्या एका परोपजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज तो 'हेपॅटोझूऑन केनिस' या नावाने ओळखला जातो. पुढे दोन वर्षांच्या आत ख्रिस्तोफर्स याने गोचिडीतील त्याच्या जीवनचक्राचा शोध घेतला. या परोपजीवीची एक विलक्षण गोष्ट अशी की, तो गोचिडीच्या दंशाने कुत्र्यात शिरत नाही. अंग चाटताना वा कुरतडताना कुत्रा गोचीडच गिळतो, आणि तिच्या पोटातील बीज त्याच्या पोटात जाते. खाज शमविण्याचा उपायच येथे संसर्गाचा मार्ग होतो.

याच मालिकेत १९१० साल येते. वॉल्टर स्कॉट पॅटन या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्या वर्षी एका फ्रेंच वैद्यक-मंडळाच्या पत्रिकेत एक प्राथमिक वृत्तांत प्रसिद्ध केला. मद्रासच्या शिकारी संघाच्या हाउंडांच्या रक्तात त्याला एक नवा, आकाराने लहान पिरोप्लाझ्मा आढळला होता, आणि त्यानंतर तोच कोल्ह्याच्या रक्तात सापडला होता. लेखाच्या मथळ्यातच हा क्रम नोंदविलेला आहे : आधी हाउंड, 'त्यानंतर' कोल्हा. आधी ज्ञात असलेला कुत्र्यातील परोपजीवी मोठा, पेशी व्यापणारा आणि जोडीने दिसणारा होता. हा त्याच्या मानाने चिमुकला असल्याने त्याची नवी जाती ठरविण्यात आली आणि तिला 'गिब्सोनी' असे नाव मिळाले. त्यावर औषध शोधण्याचा यत्नही तत्काळ झाला. सायमन्स व पॅटन यांनी १९१२ साली सालवर्सान, ट्रिपॅन ब्लू इत्यादी द्रव्यांच्या चाचण्यांचा वृत्तांत दिला. हा ज्वर आटोक्यात आणणे मोठ्या पिरोप्लाझ्मापेक्षा कठीण आहे, हा अनुभव मात्र तेव्हापासून आजवर कायम आहे.

विशेष म्हणजे त्याच १९१० साली केंब्रिजच्या नटॉल याने आफ्रिकेतील कोल्ह्याच्या रक्तात सापडलेल्या दुसऱ्या एका जीवाला 'पिरोप्लाझ्मा रोसी' हे नाव दिले. म्हणजे दोन खंडांत एकाच वर्षी कोल्हा हा प्राणी रक्तपरोपजीवींच्या शास्त्रात दाखल झाला. एकीकडे कुत्र्याच्या पाठोपाठ, दुसरीकडे थेट.

५

पॅटनच्या शोधानंतर काही दशकांतच पाठ्यग्रंथांतून एक सुटसुटीत विधान रूढ झाले : कोल्हा हा या रोगाचा नैसर्गिक साठा असून त्याच्यापासून तो कुत्र्याला होतो. या विधानास तीन प्रकारचा आधार दिला जातो. तिन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला आधार असा की, हाउंड आजारी पडले आणि कोल्हा मात्र संसर्ग असूनही धडधाकट दिसला. जुन्या ओळखीच्या पोषक प्राण्यात परोपजीवी सौम्य असतो आणि नवख्यात उग्र, हा तर्क निराधार नाही. आफ्रिकेतील 'रोसी'च्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेतील संशोधक पेन्झहॉर्न यांनी २०११ साली हाच विचार सविस्तर मांडला. तो परोपजीवी तेथील वन्य श्वानकुळाचा जुना सोबती असून पाळीव कुत्रा त्या प्रदेशात तुलनेने उशिरा आला, म्हणून कुत्र्यात रोग इतका भयंकर होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढे तेथील काळ्या पाठीच्या कोल्ह्यांत हा संसर्ग प्रत्यक्ष दाखविलाही गेला. परंतु हिंदुस्थानात हा तर्क जसाच्या तसा लावता येत नाही. येथे कुत्रा हजारो वर्षांपासून आहे. नवखा होता तो हाउंड. गावठी कुत्रा कोल्ह्याइतकाच या परोपजीवीचा जुना परिचित असू शकतो, आणि हाउंडाला तो कोणापासून लागला हे केवळ हाउंडाच्या आजारावरून ठरत नाही. संघाच्या निवासाभोवती गावठी कुत्रीही होतीच.

दुसरा आधार कोल्ह्याच्या आरोग्याचा. येथे निरीक्षणाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. आजारी हाउंड त्याच्या जागेवर पडून राहतो व दिसतो. आजारी कोल्हा झुडपात जाऊन मरतो व दिसत नाही. जो कोल्हा पकडला किंवा मारला जातो तो बहुधा हिंडताफिरता असतो. तेव्हा कोल्हा निरोगी दिसतो याचा काही अंश तरी, आजारी कोल्हा आढळत नाही, एवढाच अर्थ असू शकतो. भाषेच्या क्षेत्रात अशा पुराव्याची सवय अभ्यासकांना आहे. एखाद्या बोलीत अमुक रूप नाही असे म्हणण्यापूर्वी ते बोलणाऱ्याला कोणी विचारले होते काय, हे पाहावे लागते.

तिसरा आधार शिकारीचा. कोल्ह्यामागे धावणारे हाउंड रानात गेले, तेथील गोचिडी त्यांना लागल्या, आणि रोग आला, ही मालिका सरळ वाटते. परंतु येथे एक नवी गोष्ट विचारात घ्यावी लागते. गेल्या काही दशकांत अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया येथील झुंजीच्या जातींच्या कुत्र्यांत गिब्सोनीचा संसर्ग लक्षणीय प्रमाणात आढळला, आणि तो गोचिडीवाचून, दंशाने व रक्ताच्या संपर्कानेही होत असावा, असा निष्कर्ष निघाला. हे खरे असेल तर जो कळप कोल्ह्याला गाठून फाडतो, त्याला संसर्ग होण्यास गोचिडीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. ज्या खेळामुळे रोग दिसला, तोच खेळ या कळपापुरता रोगाचा वाहकही असू शकेल. ही शक्यता आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि ती मान्य केली तर कोल्ह्याने कुत्र्याला रोग दिला, हे वाक्य व्याकरणदृष्ट्याच तपासावे लागते. त्या वाक्यातील कर्ता कोल्हा आहे. प्रत्यक्ष प्रसंगात कर्ता कोण होता?

६

गोचिडीसंबंधीही प्रारंभी एकमत नव्हते. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेतील सेन यांनी १९३३ साली कुत्र्याच्या अंगावर सामान्यतः आढळणाऱ्या तांबूस गोचिडीकडे वाहक म्हणून बोट दाखविले. १९३७ साली स्वामिनाथ व शॉर्ट यांनी हीमाफिसॅलिस बायस्पायनोझा या दुसऱ्या जातीने हा संसर्ग होतो असे दाखविले. वरवर पाहता हा कीटकशास्त्रज्ञांचा घरगुती वाद वाटेल. वस्तुतः रोगाचा भूगोल त्यावर अवलंबून आहे. हीमाफिसॅलिस गवतात व झुडपांत राहते. गुरे, रानटी प्राणी व कुत्री या सर्वांच्या अंगावर ती चढते. तांबूस गोचीड मात्र कुत्र्याचीच सोबती आहे. ती भिंतीच्या भेगांत, पायऱ्यांखाली, कुत्रा निजतो त्या कोपऱ्यात अंडी घालते, आणि तिची मादी एका वेळी हजारो अंडी देते. तिला रानाची गरज नाही. तिला भिंत आणि कुत्रा एवढे पुरते.

हा भेद मनात ठेवून आजच्या नागरी वस्तीकडे पाहिले असता चित्र बरेच स्पष्ट होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील भटक्या व आश्रयगृहांतील पाचशेहून अधिक कुत्र्यांचे रक्त रेणवीय पद्धतीने तपासण्यात आले. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा तीत सहभाग होता. सुमारे ३० टक्के कुत्र्यांत जेम्सने १९०५ साली वर्णिलेला हेपॅटोझूऑन आढळला. बाबेसियाची 'व्होगेली' ही मोठी जाती सुमारे साडेपाच टक्क्यांत होती. गिब्सोनी अवघ्या ०.२ टक्क्यांत, म्हणजे सगळ्यांत मिळून जेमतेम एका कुत्र्यात सापडला. पहिले दोन तांबूस गोचिडीचे प्रवासी आहेत. तिसऱ्याला प्रायः गवत-झुडपांची गोचीड लागते. दक्षिणेत मद्रासच्या प्रदेशात व केरळात गिब्सोनी आजही वारंवार आढळतो, त्यामुळे ही पाहणी सर्व देशाचे मान मानता येणार नाही. पण नगराच्या चौकातील कुत्रा आणि रानाच्या कडेचा कुत्रा यांच्या रक्तात एकच वस्ती नसते, हे तीवरून दिसते.

नामकरणाच्या बाबतीतही याच काळात पूर्वीचे सरळ चित्र बदलले. 'लहान आकाराचा, कुत्र्यातील' एवढ्या लक्षणांवर जगभर ज्याला गिब्सोनी म्हटले जात होते, त्यात एकाहून अधिक जाती दडलेल्या होत्या. कॅलिफोर्नियातील परोपजीवीला २००६ साली 'बाबेसिया कॉनराडी' म्हणून वेगळे काढण्यात आले. यूरोपातील खोकडांत व कुत्र्यांत आढळणारा आणखी एक लहान जीव आता 'बाबेसिया व्हल्पेस' या नावाने ओळखला जातो. त्यामुळे जुन्या ग्रंथात 'गिब्सोनी' असा उल्लेख आला की तो कोणत्या प्रदेशातील आहे हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावता येत नाही. एका शब्दाखाली अनेक अर्थ नांदत असल्याचे हे उदाहरण कोशकाराला नवे वाटणार नाही. वैद्याला मात्र त्याची किंमत अधिक द्यावी लागते, कारण या जातींना लागू पडणारी औषधे सारखी नाहीत.

७

आता प्रारंभीच्या स्थळाकडे वळता येईल. टेंभी नाक्यावरील कुत्रा आणि खाडीकाठचा कोल्हा यांच्यात अंतर थोडे आहे. त्या अंतराच्या मध्ये अनेक कुत्री आहेत. नाक्यावरील कुत्र्याचा प्रदेश शेजारच्या गल्लीतील कुत्र्याच्या प्रदेशाला भिडतो, त्याचा पुढच्या वस्तीला, आणि अशा साखळीचे एक टोक कांदळवनाच्या कडेच्या कचऱ्यावर तर दुसरे येऊरच्या पायथ्याशी पोहोचते. कचऱ्यावर कोल्हाही येतो. येऊरच्या बाजूस बिबळ्या कुत्रे मारून खातो, हे सर्वश्रुत आहे. साखळीच्या मधल्या कोणत्याही कडीला रान ठाऊक नसले, तरी रानातील गोचीड नगराकडे आणि नगरातील गोचीड रानाकडे सरकण्यास ही साखळी पुरेशी आहे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा एकच प्रदेश दोन खात्यांत विभागलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोल्हा आज संरक्षित असून तो वनखात्याच्या कक्षेत येतो. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कुत्रा महानगरपालिकेकडे आहे. प्रथम २००१ च्या व आता २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार त्याचे निर्बीजीकरण करावयाचे, त्याला रेबीजची लस टोचावयाची आणि ज्या जागेतून उचलला तेथेच सोडावयाचे, अशी व्यवस्था आहे. १८३२ च्या हुकुमाशी तुलना केली असता ही व्यवस्था निःसंशय अधिक मानवी व अधिक शहाणी आहे. परंतु एका बाबतीत दोन्हींची दृष्टी सारखीच राहिली आहे : कुत्र्याच्या रोगांपैकी जो माणसाला मारतो तोच प्रामुख्याने शासनाच्या नजरेत येतो. २०२४ साली ट्रॉम्बेकडील कोल्ह्यात रेबीज आढळला तेव्हा ती वार्ता झाली. रक्तातील ज्वराने एखादा कोल्हा कांदळवनात मेला, तर त्याची नोंद कोणाच्याही वहीत होत नाही. त्याचे रक्त तपासणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही.

याचा परिणाम केवळ कोल्ह्यापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्राच्या गवताळ प्रदेशांत खोकड व लांडगा, आणि सह्याद्री व विदर्भाच्या अरण्यांत कोळसून, हे सारे कुत्र्याचे आप्त आहेत आणि या सर्वांच्या प्रदेशात गावकुत्री आहेत. कुत्र्यांची संख्या अफाट, वन्य श्वानांची मोजकी. जेथे एका बाजूस पुष्कळ आणि दुसऱ्या बाजूस थोडे असतात, तेथे सामायिक रोगाचा भार थोड्यांवर अधिक पडतो. कारण रोगाला टिकून राहण्यास थोड्यांची गरज नसते. अशा वेळी 'साठा' हा शब्द कोल्ह्याला लावावा की कुत्र्याला, याचा फेरविचार करणे अगत्याचे आहे. पाठ्यग्रंथातील जुने विधान ज्या पुराव्यावर उभे राहिले त्यात हाउंडांचा एक कळप, काही कोल्हे, आणि न तपासलेली असंख्य गावकुत्री होती. हा पुरावा खोटा नव्हता. तो एका बाजूने गोळा झालेला होता.

यावरून पुढील अभ्यासाची दिशा ठरविता येते. कोल्हा, गावठी कुत्रा आणि दोघांच्या अंगावरील गोचिडी यांची तपासणी एकाच प्रदेशात, एकाच काळी झाली पाहिजे. तिच्यात परोपजीवीची जात आकारावरून न ठरविता रेणवीय पद्धतीने ठरविली पाहिजे, आणि मेलेल्या वन्य श्वानाचे रक्त व प्लीहा तपासण्याची जबाबदारी कोणा एका संस्थेवर स्पष्टपणे सोपविली पाहिजे. ठाण्याचा प्रदेश अशा अभ्यासास विशेष अनुकूल आहे. खाडी, नगर आणि अरण्य इतक्या जवळ असलेली ठिकाणे थोडी. पशुवैद्यक, वनखाते आणि महानगरपालिका यांच्या नोंदी एकत्र वाचण्याची सोय झाली, तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मद्रासच्या हाउंडांपासून सुरू झालेल्या या इतिहासातील दुसरी बाजू प्रथमच लिहिली जाईल. तोवर कोल्ह्यासंबंधीचे प्रचलित विधान ग्राह्य धरताना, ते शोधाचा क्रम सांगते, संसर्गाचा नव्हे, एवढी नोंद त्याच्यासमोर ठेवणे अभ्यासकांच्या हाती आहे.